बारीक वायर: कुठे लावावी, कुठे लावू नये

व्हॅनमध्ये दुसरी बॅटरी बसवण्याविषयी लिहिल्यानंतर जी पत्रं आली, त्यांतली बरीचशी बारीक वायरींबद्दल आहेत. पिंपरी-चाकणच्या आपल्या पट्ट्यात हे साहजिकच आहे. इथे गाड्या बनतात, गाड्यांच्या वायरी बनतात, आणि उरलेला माल शेवटी कुणाच्या तरी शेडमध्ये येऊन पडतो. तो टाकवत नाही, पण वापरावा कुठे हे नीट ठाऊक नसतं. काही उत्तरं लांबली आहेत. तिथे प्रश्न आगीचा आहे, म्हणून ती आटोपती घेतली नाहीत.

*

मी भोसरी एमआयडीसीत वायरिंग हार्नेसच्या कामावर आहे. भंगारात निघालेले वायरीचे तुकडे माझ्या भावाने कुदळवाडीतून किलोवर घेतले. बहुतेक ०.३५ आणि ०.५ चौरस मिलिमीटरची, थोडी ०.७५ ची. तुकडे तीन ते आठ मीटरचे आहेत. भावाची व्हॅन आम्ही प्रवासासाठी तयार करतोय. सगळं वायरिंग यातच उरकेल का?
— भोसरी

सगळं नाही उरकणार. पण जेवढं होईल, तेवढं घरगुती वायरीपेक्षा चांगलं होईल, कारण तुमच्या हातातला माल गाडीसाठीच बनलेला आहे. गाडीच्या वायरीचं पीव्हीसी सहसा १०५ अंश सेल्सिअस सोसतं. भिंतीत टाकतो त्या साध्या पीव्हीसी वायरीची मर्यादा ७० अंशांची. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या व्हॅनच्या टपाला हात लावून पाहा. त्या पत्र्याखाली, फोमच्या थरात दबलेल्या वायरीचा दिवस पन्नास-साठ अंशांवरच सुरू होतो. तिच्यातून जाणाऱ्या करंटची उष्णता त्यावर आणखी चढते. घरगुती वायर इथे काठावर असते, तुमची वायर निवांत असते.

१२ व्होल्टच्या गाडीत कुठलीही वायर निवडताना दोन गोष्टी पाहायच्या: ती तापेल का, आणि टोकाला किती व्होल्ट पोहोचतील. घरात २३० मधला एखादा व्होल्ट वाटेत गेला तर कुणाला कळत नाही. गाडीत बारातला एक गेला म्हणजे आठ टक्के गेले. तुमच्या ०.५ च्या वायरीचा रोध मीटरमागे साधारण ३९ मिलिओहम आहे, ०.३५ चा ५२ च्या आसपास. समजा छताला ३ वॅटचे चार एलईडी दिवे लावले. एकूण १२ वॅट, म्हणजे १ अँपिअर. दिवे फ्यूजबॉक्सपासून चार मीटरवर असतील तर जाऊन-येऊन आठ मीटर वायर झाली. ०.५ ची वायर वापरली तर वाटेत जातात ०.३१ व्होल्ट. दिव्यांना ते जाणवणारही नाही. जाऊन-येऊन हे मात्र विसरू नका. हिशोब करताना लोक एकच बाजू धरतात आणि उत्तर निम्मं येतं.

तेव्हा छतावरचे आणि वाचायचे दिवे, दाराला लावायचा रीड स्विच, कॉम्प्युटरमध्ये असतो तसला छोटा पंखा, स्विचमधला निर्देशक दिवा, तापमानाचा आणि पाण्याच्या पातळीचा सेन्सर, स्पीकर, ही सगळी कामं तुमच्या मालात बसतात. सगळ्यात मोलाचा उपयोग मात्र वेगळाच आहे, आणि तो बहुतेक जण करत नाहीत. तो म्हणजे रिलेला हुकूम देणं.

पाण्याच्या पंपाचं उदाहरण घ्या. पंप पाच-सात अँपिअर खेचतो. सरळसोट पद्धतीत बॅटरीकडून जाड वायर पुढच्या स्विचपर्यंत नेतात आणि तिथून मागे पंपापर्यंत आणतात. वायर दुप्पट लागते, व्होल्टेज ड्रॉपही दुप्पट होतो, आणि स्विचचे पॉइंट जळतात. त्याऐवजी गाडीचा साधा रिले बॅटरीजवळ बसवा. ३० नंबरच्या पिनला फ्यूजमधून येणारी बॅटरीची जाड वायर, ८७ वरून पंपाची जाड वायर, आणि ८५-८६ या कॉइलच्या पिनांना तुमची ०.३५ ची बारीक वायर, जी कितीही दूरच्या स्विचपर्यंत जाऊ शकते. अशा रिलेच्या कॉइलचा रोध साधारण ८५ ओहम असतो. म्हणजे ती ०.१५ अँपिअरच्या आत भागवते. बारा मीटरच्या फेऱ्यात एक दशांश व्होल्टही जात नाही. जाड वायर आखूड राहते, पंपाला पुरते व्होल्ट मिळतात, आणि नाजूक स्विचही वर्षानुवर्षं टिकतो. कॉइलवर १एन४००७ हा डायोड जोडा, त्याची पांढरी पट्टी पॉझिटिव्हच्या बाजूला. रिले बंद होताना कॉइलमधून उलटा झटका येतो, तो डायोड गिळतो. मोटर किंवा फ्रिज थेट ०.३५ वर कधीच चालवायचा नाही. त्यांना चालू-बंद करण्याचा हुकूम मात्र ०.३५ नेच पाठवायचा.

आता फ्यूज. तुमचा माल जाडीनुसार वेगळा करा आणि प्रत्येक जाडीचा फ्यूज आजच ठरवून टाका. ०.३५ ला ३ अँपिअरचा जांभळा, ०.५ ला ५ अँपिअरचा फिकट तपकिरी, ०.७५ ला साडेसातचा तपकिरी. यापेक्षा मोठा फ्यूज त्या वायरीच्या डोक्यावर कधीही बसू देऊ नका, पुढे लोड कितीही लहान असला तरी. फ्यूज वायरीला वाचवायला असतो, उपकरणाला नव्हे.

तुकडे जोडून लांबी वाढवू नका. आठ मीटरचे छतासाठी ठेवा, तीन मीटरचे पॅनेलजवळच्या कामाला. हार्नेसच्या कामावर तुम्ही रोज क्रिंप करता, तेव्हा हे तुम्हाला सांगायला नको, पण भावाला सांगा: बारीक वायरीवर सोल्डरपेक्षा योग्य पिनेचं क्रिंप बरं. सोल्डर तारांमध्ये वर चढतं, वायर तिथे कडक होते आणि गाडीच्या हादऱ्याने नेमकी त्याच काठावर तुटते. क्रिंपची मागची पकड आवरणावर बसली पाहिजे, उघड्या तांब्यावर नव्हे. आणखी एक सांगते: भंगारवाल्याकडून पावती घ्या. कंपनीचा माल अंगावर आला तर ती कामाला येते.

*

मी निगडी ते चाकण कंपनीची स्टाफ गाडी चालवतो. मालकाने प्रत्येक सीटला मोबाइल चार्जिंगचे पॉइंट बसवून घेतले. तळेगाव चौकात गाडी अडकली आणि सगळ्यांनी मोबाइल लावले, की मागून प्लास्टिक जळाल्यासारखा वास येतो. फ्यूज एकदाही गेला नाही. इलेक्ट्रिशियन म्हणतो, फ्यूज जात नाही म्हणजे शॉर्ट नाही, काळजी नको. मग वास कशाचा?
— चिखली

दादा, हे वाचून झाल्यावर पहिलं काम करा: त्या पॉइंटचा फ्यूज काढून खिशात ठेवा. दुरुस्ती होईपर्यंत पॉइंट बंद राहू द्या. मालक काही म्हणाले तर हे पान त्यांना दाखवा.

तुमच्या इलेक्ट्रिशियनचं वाक्य अनेकांच्या तोंडी असतं आणि ते धोकादायक आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत सीटखालून गेलेली पारदर्शक जोडवायर दिसते. ती स्पीकरची वायर आहे. दुकानात तिला चौदा-अडतीस म्हणतात, म्हणजे ३८ गेजच्या चौदा तारा. तिचा छेद जेमतेम पाव चौरस मिलिमीटर आणि रोध मीटरमागे साधारण ७० मिलिओहम. ती सिगारेट लायटरच्या लाइनवरून घेतली आहे आणि त्या लाइनला १५ अँपिअरचा फ्यूज आहे.

बारा जणांनी मोबाइल लावले आणि प्रत्येकाने १० वॅट घेतले तरी १२० वॅट झाले, म्हणजे जवळपास १० अँपिअर. सगळे पॉइंट एकामागून एक एकाच वायरीवर टांगलेले असल्याने पहिल्या सीटजवळच्या तुकड्यातून सगळ्यांचा करंट जातो. त्या तुकड्यात प्रत्येक मीटर वायर ७ वॅट उष्णता सोडते, आणि तीही सीटच्या फोमखाली, जिथे वारा नाही. आवरण मऊ होतं, वास येतो. १५ चा फ्यूज १० अँपिअरवर शांत बसतो, कारण तो त्याच्या मर्यादेत आहे. मर्यादेबाहेर गेली आहे ती वायर.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. समजा आवरण वितळून शेवटच्या सीटजवळ दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या. आता शॉर्ट झाला. आता तरी फ्यूज जाईल ना? पुढून मागे नऊ मीटर, जाऊन-येऊन अठरा मीटर. अठरा गुणिले ७० मिलिओहम म्हणजे १.२६ ओहम. इंजिन चालू असताना १४ व्होल्ट धरले तर शॉर्टमधून वाहणारा करंट येतो अवघा ११ अँपिअर. पूर्ण शॉर्ट होऊनही १५ चा फ्यूज जाणार नाही. वायर इतकी बारीक आणि इतकी लांब आहे की ती स्वतःच शॉर्टचा करंट अडवते, आणि अडवताना स्वतः भट्टी होते. तापली की तिचा रोध वाढतो आणि करंट आणखी थोडा कमी होतो, म्हणजे फ्यूज जाण्याची उरलीसुरली आशाही मावळते. जाड वायरीत शॉर्ट झाला तर शेकडो अँपिअर धावतात आणि फ्यूज क्षणात उडतो. लांब बारीक वायरीत तसं होत नाही, आणि नेमकं हेच आपल्याकडे सांगितलं जात नाही.

फ्यूजचा स्वभावही माहीत असावा. पात्याचा फ्यूज त्याच्यावरच्या आकड्याला लगेच उडत नाही. दहा टक्के जास्त करंट तो तासन्‌तास सोसतो. पस्तीस टक्के जास्त असला तरी काही मिनिटं घेऊ शकतो. दुप्पट झाला की मात्र काही सेकंदांत जातो. म्हणून शॉर्ट झाल्यावर वाहणारा करंट फ्यूजच्या किमान दुप्पट-तिप्पट यायला हवा, हे वायरीच्या लांबीवरून आधीच तपासून घ्यायचं.

दुरुस्ती अशी करून घ्या. बॅटरीपासून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून ४ चौरस मिलिमीटरची मुख्य लाइन गाडीच्या मधोमध मागेपर्यंत. दर दोन सीटांच्या रांगेसाठी छोटा फ्यूजबॉक्स, आणि तिथून ०.७५ च्या आखूड फांद्या, प्रत्येकीला ३ अँपिअरचा फ्यूज. मुख्य लाइन इग्निशनच्या रिलेवर घ्या, म्हणजे गाडी उभी असताना बॅटरी उतरणार नाही. सीटखालून जाताना कोरुगेटेड पाइप घाला, आणि सीटचा सरकणारा रूळ वायरीवर येत नाही हे स्वतः पाहा. इलेक्ट्रिशियनवर सोडू नका. गाडी तुमच्या हातात आहे आणि मागे माणसं बसलेली असतात.

*

मी महाळुंगेत कंपन्यांच्या गेटपाशी व्हॅनमधून ताक, सरबत आणि डबे विकते. मागच्या महिन्यात १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरचा फ्रिज घेतला. तो सुरू होतो, घरघरतो, बंद पडतो, थोड्या वेळाने परत सुरू होतो. दुकानदार म्हणतो बॅटरी खराब आहे. बॅटरी नवी आहे. वायर ‘एक एमएम’ची चांगल्या कंपनीची आहे.
— महाळुंगे

ताई, बॅटरी बदलू नका. वायर चांगल्या कंपनीची असेलच, पण ती या कामाला बारीक आहे. तुम्ही लिहिल्याप्रमाणे बॅटरी पुढच्या सीटखाली आणि फ्रिज मागच्या दाराशी, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर. एक एमएमच्या, म्हणजे एक चौरस मिलिमीटरच्या वायरीत दहा मीटरला ०.२ ओहम रोध होतो. फ्रिज चालताना ५ अँपिअर घेतो, तेव्हा वाटेतच एक व्होल्ट संपतो. सुरू होण्याच्या क्षणी करंट त्याहून जास्त असतो, तेव्हा दीड-दोन व्होल्ट संपतात. बॅटरीपाशी १२.३ असले तरी फ्रिजपाशी साडेदहाच्या आसपास पोहोचतात.

असल्या फ्रिजमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी एक कट-ऑफ असतो. बऱ्याच कॉम्प्रेसरमध्ये तो १०.४ व्होल्टला बंद करतो आणि ११.७ ला परत सुरू करतो. तुमच्याकडे नेमकं हेच चाललंय. फ्रिज सुरू झाला की वायरीत व्होल्ट पडतात, कट-ऑफ त्याला बंद करतो. बंद झाला की करंट शून्य, वायरीतला ड्रॉपही शून्य, फ्रिजला पुन्हा १२.३ दिसतात, आणि तो पुन्हा उठतो. दिवसभर हे चालू राहिलं तर कॉम्प्रेसर खराब होईल, आणि ताक तर आजच खराब होतंय.

फ्रिजसाठी ६ एमएमची स्वतंत्र जोडी ओढून घ्या, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही. ड्रॉप ०.१७ व्होल्टवर येईल. बॅटरीपासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा फ्यूज. थिंबल दाबून बसवलेले हवेत. नुसती तार पिळून स्क्रूखाली दाबलेली चालणार नाही. खात्री करायची असेल तर कुणाकडून मल्टिमीटर आणवून फ्रिज चालू असताना त्याच्या प्लगपाशी आणि बॅटरीच्या टोकांपाशी व्होल्ट मोजा. दोन्ही आकड्यांत पाव व्होल्टापेक्षा जास्त फरक असेल तर काम परत करून घ्या. पैसे देण्याआधी मोजा.

निघालेली एक एमएमची वायर फेकू नका. गाडीतले दोन दिवे आणि छोटा एक्झॉस्ट पंखा तिच्यावर मजेत चालेल, ५ अँपिअरच्या फ्यूजवर. फक्त ती टपाच्या पत्र्याला चिकटून किंवा शेगडीजवळून नेऊ नका. ती घरगुती वायर आहे.

*

मोरवाडीच्या आयटीआयमध्ये शिकतो. पुस्तकात चौरस मिलिमीटर, दुकानात ‘चौदा-छत्तीस’, व्हिडिओत एडब्ल्यूजी. १८ गेज म्हणजे नक्की किती? दुकानदार वेगळं सांगतो, पुस्तक वेगळं.
— पिंपरी

दोघंही बरोबर असू शकतात, कारण गेज दोन आहेत. आपल्या बाजारात जुनं ब्रिटिश स्टँडर्ड वायर गेज चालतं, व्हिडिओतलं अमेरिकन. दोन्हींत आकडा वाढला की तार बारीक होते, पण आकडे जुळत नाहीत. अमेरिकन १८ म्हणजे ०.८२ चौरस मिलिमीटर, २० म्हणजे ०.५२, २२ म्हणजे ०.३३, २४ म्हणजे ०.२. ब्रिटिश १८ ची एकसंध तार मात्र १.१७ चौरस मिलिमीटरची असते. म्हणून गेजच्या भाषेत खरेदी करू नकोस.

चौदा-छत्तीसमध्ये पहिला आकडा तारांची संख्या, दुसरा प्रत्येक तारेचा ब्रिटिश गेज. ३६ गेजची तार ०.१९३ मिलिमीटर व्यासाची. गणित कर: चौदा-छत्तीस ०.४१ चौरस मिलिमीटर, तेवीस-छत्तीस ०.६७, चाळीस-छत्तीस १.१७. हे कागदावरचं झालं. दुकानातल्या स्वस्त वायरीत तारा मोजल्या तर कधी अकरा भरतात, कधी तार ३६ ऐवजी ३८ गेजची निघते. भोसरीत कुठल्याही वर्कशॉपमध्ये मायक्रोमीटर असतो. एक तार त्यात धर, व्यास घे, तारा मोज, गुणाकार कर. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते जन्मभर उपयोगी पडेल.

दुसरी फसवणूक तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची. तिची वहनक्षमता तांब्याच्या दोनतृतीयांशाहूनही थोडी कमी. तार ब्लेडने खरवडून पाहा, आतून पांढरी दिसेल. किंवा एकच बारीक तार चिमट्यात धरून लायटरच्या ज्योतीत धर. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तांब्याला १०८५ लागतात. तांबं लाल होऊन राहतं, मुलाम्याची तार लोळागोळा होऊन गळते. अशी वायर गाडीत नको, अगदी दिव्यालाही नको. हादऱ्याने तुटते आणि ओलाव्याने सांध्यात सडते.

खरेदीला जाशील तेव्हा गाडीची वायर मागून घे. वाहनांच्या वायरीसाठी आयएस २४६५ हे भारतीय मानक आहे, घरगुती पीव्हीसी वायरीसाठी आयएस ६९४. आवरणावर काय छापलंय ते वाच. वाहनाच्या वायरीला आपल्या शहरात जुना इतिहास आहे, तोही तुला ठाऊक असावा. छाब्रिया बंधूंच्या फिनोलेक्सने १९५८ मध्ये पुण्यात उत्पादन सुरू केलं, ते वाहन उद्योगासाठी लागणाऱ्या पीव्हीसी वायरींपासून. त्याच वर्षी बजाज टेम्पो कंपनी उभी राहिली, जी आज आकुर्डीत फोर्स मोटर्स या नावाने ओळखली जाते. या शहराचे कारखाने आणि त्यांच्या वायरी बरोबरीने वाढल्या आहेत. तू जे शिकतोयस ते इथलं मूळ काम आहे.

*

टेल्कोतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आता टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आम्ही दोघं फिरण्यासाठी ती तयार करतो आहोत. दोन शंका. डॅशवरचा डिजिटल व्होल्टमीटर पंप किंवा फ्रिज चालू असताना ११.५ दाखवतो, बॅटरीवर मोजलं तर १२.४. आणि पाण्याच्या टाकीचा मीटर पंप चालू होताच उडी मारतो. शिवाय, आमच्या ट्रकमध्ये २४ व्होल्ट असत. व्हॅनमध्येही तेच का करू नये?
— प्राधिकरण, निगडी

आपल्या दोन्ही शंकांचं मूळ एकच आहे, आणि दोन्हींवर उपाय बारीक वायरच आहे.

व्होल्टमीटर ज्या जोडीवरून घेतला आहे, त्याच जोडीतून पंपाचा आणि फ्रिजचा करंट जातो. त्यामुळे मीटर बॅटरीचे व्होल्ट दाखवत नाही, वायरीत पडून उरलेले दाखवतो. मीटरला बॅटरीच्या टोकांपासून स्वतःची स्वतंत्र जोडी द्या, ०.३५ ची पुरते. मीटर साधारण २० मिलिअँपिअर घेतो. दहा मीटरच्या फेऱ्यात या वायरीत पडतो एक शतांश व्होल्ट, जो मीटरच्या शेवटच्या आकड्याएवढा आहे. ज्या वायरीतून फक्त माहिती जाते, ती कितीही बारीक असली तरी खरंच सांगते. पण तिच्या उगमाशी बॅटरी आहे, आणि बॅटरी शेकडो अँपिअर देऊ शकते. म्हणून बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरात १ अँपिअरचा फ्यूज हवाच. करंट मोजण्यासाठी शंट बसवला असेल तर त्याच्या बारीक वायरींनाही हाच नियम. मीटरला एक छोटा स्विचही द्या. २० मिलिअँपिअर चोवीस तास म्हणजे दिवसाला अर्धा अँपिअर-तास, आणि गाडी महिनाभर उभी राहिली तर १५.

टाकीच्या मीटरची गोष्ट निगेटिव्हची आहे. सेन्सर आणि पंप एकाच निगेटिव्हवर आहेत. ०.७५ च्या चार मीटर वायरीतून पंपाचे ५ अँपिअर परत येताना तिच्या दोन टोकांत अर्ध्या व्होल्टचा फरक पडतो, आणि सेन्सरला वाटतं पाणी वाढलं किंवा घटलं. सेन्सरची निगेटिव्ह वेगळी काढून थेट मीटरच्या निगेटिव्हवर न्या. दोन्ही वायरी एकमेकींना पिळून नेल्या तर पंपाच्या मोटरचा त्रासही कमी होईल. बॉडी अर्थ घ्यायचीच असेल तर रंग खरवडून, रिंग थिंबल लावून, वर ग्रीस, हे आपल्याला माहीतच आहे.

२४ व्होल्टचं म्हणाल तर शास्त्र आपल्या बाजूने आहे. तेवढ्याच वॅटसाठी करंट निम्मा, आणि त्याच वायरीत टक्केवारीने ड्रॉप चौथाई. पण ट्रॅव्हलरचा अल्टरनेटर १२ चा, बाजारातले फ्रिज-पंप-दिवे बहुतेक १२ चे. मोठा इन्व्हर्टर बसवणार नसाल तर १२ वरच राहा.

एक विनंती. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ची बंधनं आहेत, आणि मोटर कॅरव्हानसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. फर्निचर ठोकण्याआधी आपल्या एमएच-१४ च्या कार्यालयात काय मंजूर होतं ते विचारून घ्या. नंतर उखडायला लागलं तर आपलं मन फार दुखेल.

*

इंटरनेटची जुनी लॅन केबल भरपूर आहे. तिच्या चार-पाच तारा एकत्र पिळून जाड वायर केली तर पंपाला चालेल का?
— आळंदी

नाही. लॅन केबलची तार सहसा एकसंध असते, हादऱ्याने तुटते. पाचांतली एक तुटली की तिचा भार चौघींवर, मग तिघींवर. शेवटची उरलेली जळेपर्यंत फ्यूजला काही कळत नाही. उभ्या गाडीत सेन्सरला, नीट बांधून, चालेल. चालत्या गाडीत बारीक तारांचीच वायर हवी.

*

लिथियम फॉस्फेटचे चार सेल घेऊन १२ व्होल्टची बॅटरी जोडतोय. बीएमएसबरोबर आलेल्या पाच बारीक वायरी आखूड पडतात. घरात पडलेल्या वायरीने वाढवू का? पुढे ५ अँपिअरचा ॲक्टिव्ह बॅलन्सर घ्यायचा विचार आहे, तोही त्याच वायरींवर जोडता येईल ना?
— तळेगाव दाभाडे

वाढवता येतील. साध्या बीएमएसमध्ये, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटमध्ये, बॅलन्सिंगचा करंट १०० मिलिअँपिअरच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. ०.२ ची वायर अर्धा मीटर वाढवली तरी फरक काही मिलिव्होल्टचा. पाचही वायरी सारख्याच जाडीच्या आणि सारख्याच लांबीच्या ठेवा, म्हणजे जी काही चूक होईल ती सगळ्या सेलना सारखी. आवरण मात्र उत्तम प्रतीचं हवं. या वायरी सेलच्या धातूच्या पट्ट्यांवरून जातात, त्या पट्ट्यांच्या कडा धारदार असतात, आणि वायरीच्या पलीकडे अख्खा सेल आहे. दोन वायरी एकमेकींना टेकल्या तर त्या क्षणात पेटतात. बहुतेक स्वस्त बीएमएसमध्ये या वायरींना फ्यूज नसतो. तुम्ही प्रत्येकीला सेलच्या टोकापाशी १ अँपिअरचा छोटा फ्यूज लावा. थोडी कटकट आहे, पण करा.

ॲक्टिव्ह बॅलन्सर त्याच वायरींवर नको. ०.२ च्या अर्ध्या मीटरमध्ये ५ अँपिअर गेले तर ०.२ व्होल्टहून अधिक पडतात. या रसायनाच्या सेलमध्ये २० टक्के आणि ८० टक्के चार्जमधला फरकच दशांश व्होल्टच्या आसपास असतो, तेव्हा बीएमएसला दिसणारे आकडे निव्वळ खोटे असतील आणि तो भलत्याच सेलला भरलेला समजेल. बॅलन्सरला स्वतःच्या दीड चौरस मिलिमीटरच्या पाच वायरी द्या, त्यांना साडेसातचे फ्यूज, आणि त्या थेट सेलच्या टोकांवर वेगळ्या थिंबलने बसवा.

जोडताना बीएमएसचा पांढरा कनेक्टर बाहेरच राहू द्या. आधी पाचही वायरी सेलवर बसवा. मग मल्टिमीटरची काळी पिन काळ्या वायरीवर ठेवून पुढची प्रत्येक पिन क्रमाने मोजा: ३.३, ६.६, ९.९, १३.२ च्या आसपास, दर पायरीला सारखी वाढ. एक जरी आकडा उलटा किंवा दुप्पट आला तर वायर चुकीच्या सेलवर आहे. कनेक्टर तसाच घातला तर बीएमएस जळेल. सगळे आकडे ओळीने आले की मगच कनेक्टर आत दाबा, आणि वायरी पट्ट्यांना घासणार नाहीत अशा कापडी टेपने बांधून घ्या.